भूत, भाचा आणि काडेपेटी

भुतांना विस्तवाचे भय वाटते, हा शोध ज्याने प्रथम लावला तो गृहस्थ काडेपेट्यांचा घाऊक व्यापारी असला पाहिजे, अशी माझी जुनी शंका आहे. या शोधामुळे एखादे भूत मेल्याचा (किंवा पुन्हा मेल्याचा म्हणा) दाखला आजवर कुणी आणून दिलेला नाही. काडेपेट्या मात्र पिढ्यान् पिढ्या खपत आल्या आहेत. कोकणात रात्री-अपरात्री घराबाहेर पडणाऱ्याला वडीलधारी मंडळी आधी विचारतात, "काडेपेटी घेतलीस ना रे?" पैसे घेतलेस का, छत्री घेतलीस का, हे प्रश्न नंतरचे. हातात पेटती चूड, ती नसली तर तोंडात बिडी, तीही नसली तर निदान खिशात काडेपेटी असली, की पिंपळावरचा मुंजा, वळणावरची हडळ आणि पाणवठ्यावरचा गिऱ्हा ही सगळी मंडळी अदबीने वाट सोडतात म्हणे.

इथवर माझे काही म्हणणे नव्हते. चूड घेऊन चालणाऱ्याला भूत दिसो न दिसो, पायाखालचा साप दिसतो. तेवढे पुण्य त्या समजुतीच्या खाती मी खुशाल जमा करतो. पण अलीकडे हीच समजूत परदेशी जाऊन, पोशाख बदलून, हातात काडेपेटीऐवजी पेट्रोलची बाटली घेऊन परत आली आहे आणि माझ्या भाच्याच्या तोंडून बोलू लागली आहे. तिच्याशी मला भांडायचे आहे.

भाचा डोंबिवलीचा. २०२२ साली आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' नावाचा मराठी चित्रपट आला. त्यात चक्क डोंबिवलीत झोंबी शिरतात. तेव्हापासून भाच्याला आपल्या गावाचा जरा अभिमानच वाटू लागला आहे. ज्या वाचकांना झोंबी म्हणजे काय हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. झोंबी म्हणजे मेल्यावरही चालत राहिलेला माणूस. तो विचार करीत नाही, कुणाचे ऐकत नाही, घुमल्यासारखा आवाज काढतो आणि झुंडीने येतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेच्या काउंटरमागून जे दृश्य दिसते त्याहून हे फारसे निराळे नाही. (काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्यांचे अलीकडच्यांविषयी नेमके हेच मत असते, हेही नमूद करतो.) फरक इतकाच की झोंबी चावतो आणि ज्याला चावतो तोही झोंबी होतो. आपल्या मराठीत झोंबी पूर्वीपासून आहेच. पण ती दोघांनी मिळून घ्यायची असते आणि संपली की दोघेही आपापल्या घरी जेवायला जातात.

तर हा भाचा सुट्टीत आमच्या आगरदांड्याच्या घरी आला की ओटीवर बसून संरक्षणाच्या योजना आखतो. "मामा, झोंबी आले ना, तर हे घर म्हणजे एकदम आयडियल पोझिशन! एका अंगाला राजपुरीची खाडी. उरलेल्या तीन बाजूंना चर खणायचा, त्यात वाळक्या झावळ्या भरायच्या, वर पेट्रोल. झोंबी आले की एक काडी! आगीपुढे कोणी टिकत नाही." शिवाय माडीवरून फेकायला पेट्रोलच्या बाटल्या, आणि बाटल्यांच्या तोंडात कोंबायला चिंध्या. चिंध्यांचा विषय निघाला तेव्हा दोरीवर वाळणाऱ्या माझ्या लुंगीकडे त्याने ज्या नजरेने पाहिले ती नजर मी विसरलेलो नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कुठलीही योजना कानावर आली की माझी बोटे आपोआप जमा-नावे मांडू लागतात. तेव्हा ही योजना एकदा वहीवर मांडूनच पाहू.

पहिली बाब हवामानाची. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. त्या चार महिन्यांत चुलीतले लाकूड पेटवताना घरातल्या बायकांच्या डोळ्यांतून जे पाणी येते त्यावर एक वाफा शिंपून होईल. चरात त्या वेळी झावळ्या नव्हे, बेडूक असतात. उरलेल्या आठ महिन्यांत गवत असे वाळते की एखाद्याने रागाने पाहिले तरी पेट घेईल. थोडक्यात, कोकणात आगीचे मोसम दोन. एकात ती पेटत नाही, दुसऱ्यात ती विझत नाही. झोंबींनी यायचे कधी, हे त्यांना कळवायचे कोणी?

दुसरी बाब मालाची. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी. ज्याने कोकणात आषाढातले मर्तिक निभावले आहे त्याला विचारा. स्वस्थ आडवा पडलेला, कसलीही हरकत न घेणारा, हयातीत कधीही इतक्या समजुतीने न वागलेला माणूस जाळायलासुद्धा मणांनी लाकूड लागते आणि तासन् तास जातात. इथे समोरचा उभा आहे, चालतो आहे आणि त्याच्यावर तुम्ही उडवलेत पाव लिटर पेट्रोल. होणार काय? तो मरणार नाही, कारण ते काम त्याने आधीच उरकलेले आहे. त्याला दुखणार नाही. तो घाबरणार नाही. तो फक्त पेटणार आणि चालत राहणार. म्हणजे मघाशी तुमच्या दारात भूत होते, आता पेटलेले भूत आहे. आणि येते आहे तुमच्याच दिशेने, वाटेत गवताची उडवी, सरपणाची रास, मांडव आणि गोठा यांना हात लावत लावत. पूर्वी एका संकटाची व्यवस्था करायची होती. आता तेच संकट व्याजासकट आले.

भाच्याला हे पटले नाही. "मामा, सगळ्या पिक्चरमध्ये आग वापरतात," तो म्हणाला. ठीक आहे, पिक्चरचाच दाखला घेऊ. झोंबीपटांचा मूळपुरुष म्हणजे जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९६८ सालचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. एका शेतघरात काही माणसे अडकलेली, बाहेर मेलेली माणसे हिंडताहेत. ती विस्तवाला बिचकतात हे खरे. त्यांना दूर ठेवायला बेन नावाचा नायक खुर्ची पेटवतो, मशाली करतो. भाच्याने चित्रपट इथपर्यंतच पाहिला असावा. पुढे मंडळी मशाल घेऊनच ट्रकमध्ये पेट्रोल भरायला जातात. मशाल आणि पेट्रोल! पेट्रोल सांडते, ट्रक पेटतो आणि आतले तरुण जोडपे जळून जाते. मेलेल्यांसाठी पेटवलेली मशाल, जळाले जिवंत. आणि शेवट तर त्याहून कडू आहे. रात्रभर झुंजून एकटा बेन वाचतो, सकाळी खिडकीशी येतो, आणि सुटका करायला आलेले बंदुकवाले त्याला झोंबी समजून गोळी घालतात. मग त्याचे प्रेत इतर प्रेतांबरोबर आगीत टाकतात. सबंध चित्रपटात जो माणूस अखेरपर्यंत तगला, त्याचीही रवानगी शेवटी त्याच ढिगाऱ्यात. ज्याने हा प्रकार सुरू केला त्या रोमेरोनेच आगीचा हिशेब असा मांडून ठेवला आहे; चेल्यांनी फक्त पहिले पान वाचले.

परदेशी भूत नको म्हणाल तर घरचे घ्या. आमच्या भुतांना विस्तवाचे भय असते तर त्यांच्या राजाने मशाली कशाला बाळगल्या असत्या? वेताळाची स्वारी अमावास्येच्या रात्री लवाजम्यासह निघते आणि पुढेमागे मशाली असतात, असे जुनी माणसे सांगतात. कित्येक गोष्टींत तर भूतच वाटसरूला थांबवून बिडी पेटवायला काडी मागते. ज्या काडीचा धाक घालायचा तीच उसनी मागणारे गिऱ्हाईक. त्याच्यापुढे तुमची पेट्रोलची बाटली काय करणार?

आणि इतिहास हवा असेल तर तो आमच्या दारातच आहे. आगरदांड्याहून थोड्याच अंतरावर राजपुरी, समोर समुद्रात जंजिरा. दंडा-राजपुरीचा किनाऱ्यावरचा किल्ला तेव्हा शिवाजी महाराजांच्या ताब्यात होता आणि जंजिरा सिद्दीकडे. १६७१ साली ऐन होळीच्या रात्री, गडावरचे लोक सणात दंग असताना, सिद्दी कासमने समुद्राकडून हल्ला केला. या धामधुमीत किल्ल्यातले दारूकोठार पेटले आणि त्याचा भडका उडाला. खाफीखान हा इतिहासकार ही हकीकत सांगतो. दारूकोठार किल्ल्याच्या रक्षणासाठी होते, हे वेगळे सांगायला नको. पण दारूने मराठा कोण आणि हबशी कोण हे विचारले नाही. दोन्हीकडची माणसे गेली आणि किल्लाही गेला. आग ही काही पगारी शिपाई नव्हे. ती ज्याच्या हाताने पेटते त्याचे नाव लक्षात ठेवत नाही.

"पण मामा, ते साडेतीनशे वर्षांपूर्वीचं झालं!" बरे, आजचे घेऊ. माघ-फाल्गुन लागला की रायगडच्या डोंगरांवर रात्री लाल माळा दिसू लागतात. पाहुणे म्हणतात, "किती सुंदर!" गावकरी म्हणतात, "वणवा." हा वणवा आकाशातून पडत नाही. कुणी गवत पुढच्या वर्षी चांगले येते म्हणून लावतो, कुणी सापाच्या भीतीने, कुणी शिकारीच्या लोभाने, आणि कुणी विडीचे थोटूक टाकून पुढे जातो. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. पण वाऱ्याने तो कायदा वाचलेला नाही. मुरूडच्या पाठीशी फणसाडचे अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेले. एके काळी ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. आज तिथे शेकरू झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारते. अशी राने वाचवायला माणसे उन्हातान्हात जाळरेषा काढतात. म्हणजे आग येण्याआधीच तिचे खाद्य काढून घेतात. जे आगीशी रोज झुंजतात त्यांची युक्ती ही: पेटवायचे नाही, पेटण्यासारखे ठेवायचे नाही. भाचा मात्र चर खणून त्यात वाळक्या झावळ्या भरायला निघालेला!

आणि कुठे भरायच्या? वाडीच्या कडेने. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या सुपाऱ्या काड्या मोडाव्यात तशा मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले. सुपारीचे रोप लावल्यापासून उत्पन्न हातात यायला पाच-सात वर्षे जातात. त्या पावसाळ्यात डोळे पुसून ज्यांनी पुन्हा रोपे लावली, त्यांच्या झाडांना आता कुठे शिपुट धरू लागले आहे. वादळाला सांगता येत नाही, की बाबा, बाजूने जा. पण काडी ओढणाऱ्याला तरी सांगता येते ना? एका न आलेल्या झोंबीसाठी एक आलेले पीक जाळायचे, ही कुठली हिशेबाची रीत?

मी आगीचा द्वेष्टा आहे असा समज कृपया करून घेऊ नये. माझा सकाळचा चहा तिच्यावर होतो. राब भाजणारा शेतकरी पाहा. पालापाचोळा, शेण, वर मातीचा थर, वारा पडलेला, हातात हिरवा डहाळा, आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत तो हलत नाही. त्याला आग कामाला लावता येते, कारण तो घाबरलेला नसतो. माझे भांडण घाबरून ओढलेल्या काडीशी आहे. घाबरलेल्या माणसाला समोर फक्त शत्रू दिसतो. आणि शत्रू नसला तर तो जवळच्याच कुणाला तरी शत्रू करून टाकतो.

इथे मला विनोद जरा बाजूला ठेवावा लागतो. कारण मेलेल्यांविरुद्ध आग वापरण्याचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात खरोखर होत आला आहे, आणि पडद्यावर नव्हे. 'अंगात आलंय', 'बाहेरचं लागलंय', असे एकदा ठरले की मिरच्यांची धुरी देतात, तापवलेल्या सळईचे चटके देतात. कुणाला? भुताला, असे म्हणतात. पण भुताला नाक नसते, कातडी नसते. धुरीने गुदमरते ती घरातली सून. चटका बसतो तो मनाचा आजार झालेल्या पोराला, नाहीतर एकट्या राहणाऱ्या म्हातारीला. ती ओरडली की जमलेले लोक म्हणतात, "बघा, भूत ओरडतंय!" डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे हेच थांबवायला सांगत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, तापवलेल्या वस्तूचे चटके देणे, हे सगळे गुन्हे म्हणून लिहिलेले आहे. कायद्याच्या पुस्तकात मिरचीचे नाव घालावे लागले, यावरूनच ओळखा.

भाच्याला मला सांगायचे आहे ते एवढेच. भुतासाठी पेटवलेली आग आजवर एकाही भुताला लागलेली नाही. ती दर वेळी जिवंत माणसालाच लागते. ट्रकमधल्या जोडप्याला, किल्ल्यातल्या शिपायांना, डोंगरावरच्या शेकरूला, घरातल्या सुनेला.

"मग काय, झोंबीची पूजा करायची का?" भाचा विचारतो. पूजा नको. पण निदान त्याची चौकशी तरी कर! झोंबी मूळचा हैती बेटाचा. तिथल्या समजुतीप्रमाणे तो कुणाला खायला येत नाही. कुणीतरी मांत्रिक मेलेल्याला थडग्यातून उठवतो आणि उसाच्या शेतात फुकट राबवून घेतो. त्याला मन नाही, इच्छा नाही, सुट्टी नाही. मालक सांगेल ते करायचे. सहामाही हिशेबाच्या रात्री बँकेत बसलेल्या माणसाला हे वर्णन वाचून परके वाटत नाही. ज्या बेटावर गुलामांनी पिढ्यान् पिढ्या ऊस तोडला, तिथल्या माणसाला मरणाहून वाईट काय वाटले? तर मेल्यावरही राबणे. १९२९ साली विल्यम सीब्रुक या अमेरिकन लेखकाने 'द मॅजिक आयलंड' या पुस्तकात ही हकीकत जगापुढे आणली. पुढे सिनेमावाल्यांनी या राबणाऱ्याला खाणारा केला. मालक पडद्याआड गेला आणि मजूर राक्षस ठरला. हा प्रकार फक्त सिनेमातच होतो असे नाही.

आणि आता उपाय ऐका. हैतीत झोंबीवर आगीचा नव्हे, मिठाचा उपाय सांगतात. झोंबीच्या तोंडात चुकून मीठ गेले की त्याला भान येते. आपण मेलो आहोत हे त्याला कळते, तो काम टाकतो आणि आपल्या थडग्याकडे चालू लागतो. खाल्ल्या मिठाला जागणे हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण तो इतका शब्दशः पाळणारा प्राणी हाच एक! आणि मिठाला काय तोटा? रायगडच्या किनाऱ्याला मिठागरे आहेत. आपल्याकडेही मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतातच. पेट्रोलचा लिटरमागे भाव पाहा आणि मिठाचा किलोमागे पाहा. वाणिज्य शाखेची पदवी नसली तरी उत्तर येईल. चुकून नेम हुकला आणि शेजारच्या काकांना मीठ लागले, तर काका चार शिव्या देतील, जळणार नाहीत.

तेव्हा भाचेबुवा, झोंबी आलेच तर पुढीलप्रमाणे वागावे. आधी जेट्टीवर जावे आणि दिघीची फेरी पकडावी. खाडीएवढा रुंद चर तुझ्याने खणून होणार नाही, आणि तो पेटत नाही हा त्याचा मोठा गुण. झोंबी फेरीत चढू लागला तर खलाशी आहेत. "ह्याचं तिकीट कोन काढनार?" या प्रश्नापुढे भले भले जिवंत लोक खाली उतरलेले मी पाहिले आहेत. फेरी चुकली तर घरात जावे, दाराला कडी-अडसर घालावा, शेजारच्या म्हातारीला आधी आत घ्यावे आणि हाताशी पाण्याची कळशी ठेवावी. काडेपेटी चुलीजवळ तिच्या जागी राहू द्यावी. उजाडल्यावर खिडकीशी कोणी दिसले तर आधी हाक मारावी, "कोण आहे?" उत्तर द्यायला त्याला वेळ द्यावा. बेनला कुणी तेवढा वेळ दिला असता तर तो वाचला असता.

आणि तरीही समोरचा मेलेला की जिवंत याचा उलगडा झालाच नाही, तर त्याला माझ्याकडे पाठवून दे. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांचे काम असते. गेली वीस वर्षे मी त्या काउंटरवर चालत्या-बोलत्या, काठी आपटणाऱ्या, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या माणसालासुद्धा कागद पाहिल्याशिवाय जिवंत मानलेले नाही. तो कागद, ती सही, तो अंगठा, यात माझा आणि त्याचा जीव मेटाकुटीला येतो. एका माणसाला जिवंत ठरवायला जर एवढी खातरजमा लागते, तर कुणालाही मेलेला ठरवून त्याच्यावर काडी टाकायला, बाबा रे, तुला अंधारातली एक नजर कशी पुरते?